अठ्ठावीस इंचांचा ओटा

मी कॉलेजातून घरी आलो तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला ओटा अंगणात पडलेला होता.

सगळा नव्हे. वरची काळी कडप्पा फरशी तेवढी शाबूत ठेवून भिंतीला टेकवली होती. बाकीचा ओटा विटा, माती आणि फुटक्या पांढऱ्या टाइल्स अशा स्वरूपात होता. त्या ढिगाऱ्याशेजारी आप्पा हातात टेप घेऊन उभे होते. वडिलांच्या वयाला न शोभणारं एक समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आप्पा, हे काय?"

"ओटा."

"ते दिसायलंय. तो बाहेर कसा आला?"

"फोडला."

आप्पा चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होते, त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर. प्रश्नाला नेमकं तेवढंच उत्तर द्यायचं ही सवय त्यांनी मुलांना लावायचा खूप प्रयत्न केला. मुलांना ती लागली नाही, त्यांना स्वतःला लागली.

मी दस्तगीर मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्रीनं थापी पाण्यात बुडवली आणि ती धुण्यात फार गुंतला.

"मिस्त्री, आपलं ठरलं काय होतं?"

"बाथरूम, सर."

"मग?"

"म्या इचारलं की गुरुजीस्नी. म्हटलं, सरास्नी ठावं हाय का? तर गुरुजी म्हणाले, घर कुणाचं हाय?" मिस्त्रीनं थापी झटकली. "आता ह्यावर म्या काय बोलणार? घर त्येंचंच हाय की."

घर त्यांचंच होतं. जयसिंगपुरात आठव्या गल्लीत, एकोणीसशे बहात्तर साली त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. एकापाठोपाठ एक चार खोल्या, शेवटची स्वयंपाकघर, तिच्याशेजारी कोठीची खोली, मग परसू आणि परसाच्या अगदी टोकाला संडास आणि न्हाणी. त्या काळी संडास घरापासून जितका लांब तितकं घर चांगलं, असा हिशेब होता. त्या हिशेबानं आमचं घर फारच चांगलं होतं.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या एप्रिलमधली. फेब्रुवारीत आई पडली होती. मी आणि शैलजा त्या दिवशी बेळगावला एका लग्नात होतो. अक्षता पडायच्या आतच आप्पांचा फोन आला, "परसात पाय घसरला तिचा. मिरजेला नेतोय." खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं की, आता आयुष्यात उकिडवं बसायचं नाही, कमोड लागेल आणि तो घरातच लागेल. असा कमोड आमच्या घरात नव्हता, ताईच्या होता. म्हणून आई दवाखान्यातनं थेट इचलकरंजीला, माझ्या थोरल्या बहिणीकडं गेली.

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यापासून आई फोनवर एकच वाक्य बोलायला लागली, "लेकीच्या दारात किती दिवस काढायचे रे?" भाऊजी चांगलेच होते. "राहू देत की आईंना, काही अडचण नाही," असं ते दर वेळी मागच्यापेक्षा जास्त गोड आवाजात म्हणायचे, आणि मला दर वेळी जास्त भीती वाटायची. त्यात तीन मेला भाचीचा साखरपुडा ठरला. पाहुणे येणार, खोली मोकळी हवी. हे भाऊजींनी सांगितलं नाही. ताईनं सांगितलं, तेही रडत. एक मेपर्यंत आई घरी यायलाच हवी होती.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गरजा अमर्याद आणि साधनं मर्यादित, हे मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहितो आणि मुलं ते उतरून घेतात. माझी साधनं म्हणजे भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले नव्वद हजार. त्यात कोठीच्या खोलीचं बाथरूम, एवढं एकच काम बसत होतं, तेही श्वास रोखून धरला तर. गळकी कौलं, वाळवीचा दरवाजा, बैठकीच्या खोलीतली ओल यांच्याकडं बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं आणि आठ दिवस कटाक्षानं मान खाली घालून घरात वावरत होतो. ओटा मात्र माझ्या कुठल्याच यादीत नव्हता, कारण तो धड होता.

"काय झालं होतं त्याला?" मी विचारलं.

"जुना झाला होता."

"आप्पा, ह्या घरात जुनं नाही असं काय आहे?"

आप्पांनी टेप खटकन मिटला. "तुला कळायचं नाही," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पावणेसहा झाले होते. आम्ही जैन, त्यातून आप्पा कट्टर. दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला हवं, मग ओटा असो नाहीतर नसो. शैलजा पतसंस्थेतनं आली, तिनं ढीग पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि पडवीत स्टोव्ह पेटवला. लग्नाला अकरा वर्षं झालेला माणूस अशा वेळी मुकाट्यानं कांदे-बटाटे सोडून उरेल ती भाजी चिरायला बसतो. मी दोडके चिरले.

"माझ्यासाठी करतायत का रे हे?" जेवताना तिनं हळूच विचारलं. "मी कधी तक्रार केली नव्हती हं. मला बरोबर होता तो."

"विचारून बघ."

"तू विचार. तुझे वडील आहेत."

मी विचारलं नाही. विचारून काय उत्तर येतं हे मला ठाऊक होतं.

पुढचे दहा दिवस मी घराची दुरुस्ती करत नव्हतो, घर माझी करत होतं. कोठीच्या खोलीत पाइपसाठी खणायला लागल्यावर खाली जुनं दगडी जोतं निघालं. ते फोडायला दोन दिवस. ते झाल्यावर दस्तगीर मिस्त्रीच्या मेव्हण्याचा स्लॅब आला. "सर, सोयऱ्याचा स्लॅब हाय, न्हाई म्हणता येत न्हाई," असं सांगून तो तीन दिवस गायब. परत आला तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि नव्या ओट्याच्या विटा रचायला लागला.

"मिस्त्री, आधी बाथरूम!"

"गुरुजी म्हणाले आधी ओटा."

"पैसे कोण देतंय?"

"तुमीच की," मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाला. "पन बसून ऱ्हायल्यात त्ये. तुमी सकाळी जाता सांगलीला. दिसभर हितं खुर्ची टाकून त्येच असत्यात. माझं बी बघा की जरा."

आप्पा खरंच दिवसभर खुर्ची टाकून बसायचे. एकेक वीट लावली की उठून टेप लावायचे. मिस्त्री गेल्यावर तांब्या घेऊन नव्या बांधकामावर पाणी मारायचे, सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना. देवपूजेत त्यांचं इतकं लक्ष मी कधी पाहिलं नव्हतं. तिकडं बाथरूमची भिंत सुकून पांढरी पडली होती. तिला पाणी मारायची आठवण केली तर म्हणाले, "तुझं काम आहे ते, तू मार."

ओट्यावर सोळा हजार गेले. ते सोळा हजार कमोड आणि टाइल्सचे होते. मी शांतपणे, म्हणजे वर्गात पोरं शिट्या मारतात तेव्हा असतो तितक्या शांतपणे, सांगलीतल्या एका दुकानात गेलो. तिथं लॉटमधनं उरलेला आणि किरकोळ डागी माल मिळायचा.

"कमोड आहे, सर," दुकानदार म्हणाला. "एकच आहे. गुलाबी."

"पांढरा?"

"पांढरा पाहिजे तर पूर्ण किंमत."

"आणि टाइल्स?"

"आकाशी आहेत साठ, हिरव्या आहेत चाळीस. दोन्ही मिळून तुमचं बसतंय बघा." त्यानं माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. "आत दार लावून बसल्यावर कोण बघतंय, सर?"

गुलाबी कमोड टमटममधनं गल्लीत उतरला तेव्हा अर्धी आठवी गल्ली दारात आली होती. आप्पांनी तो फिरून पाहिला. "रंग बरा आहे," म्हणाले आणि पुन्हा ओट्याकडं गेले.

एकोणतीस तारखेला ओट्यावर कडप्पा बसला. शैलजा पतसंस्थेतनं येताच पदर खोचून स्वयंपाकघरात गेली आणि लगेच तिची हाक आली. "अरे, जरा इकडं ये."

शैलजा पाच फूट सहा इंच. ती ओट्यापुढं उभी होती आणि ओटा तिच्या मांड्यांना लागत होता.

"हा ओटा आहे का पंगतीतला चौरंग?" ती म्हणाली. "ह्याच्यावर भाकरी थापायची तर मला जमिनीत खड्डा काढून उभं राहावं लागेल."

मी टेप लावला. अठ्ठावीस इंच. जुना साडेतेहतीस होता.

आप्पा दारात उभेच होते.

"आप्पा, माप चुकलंय."

"नाही चुकलं."

"साडेपाच इंच कमी आहे! तुम्ही दहा दिवस इथं टेप घेऊन बसला होता आणि साडेपाच इंच—"

"श्रेणिक," आप्पा म्हणाले, "मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय."

"मग हा कुणाच्या मापाचा आहे, ते तरी सांगा. शैलजाच्या तर नाही. मी इथं कधी उभा राहत नाही. तुम्हाला गॅस कुठल्या बाजूला पेटतो ते माहीत नाही. आईला डॉक्टरांनी दहा मिनिटांवर उभं राहायला मनाई केलीय. आता ह्या घरात राहिलं कोण?"

आप्पा खुर्चीत जाऊन बसले. मग मिस्त्रीला म्हणाले, "पाणी मारलंस का रे बाथरूमला?"

त्या दिवशी मी नाही नाही ते बोललो. म्हातारपणी माणसाला घर म्हणजे खेळणं वाटतं, असं म्हणालो. बायको तीन महिने दुसऱ्याच्या दारात पडलीय आणि नवरा इकडं ओटे बांधतोय, असंही म्हणालो. शैलजानं दंडाला धरून बाहेर नेलं म्हणून थांबलो. आप्पा खुर्चीतनं हलले नाहीत. जेवले मात्र वेळेत.

एक मेला सकाळी दस्तगीर मिस्त्री आला तो बाथरूमच्या दाराची कडी बसवायला. अकराच्या सुमारास भाऊजींची ओमनी दारात थांबली. ताई आधी उतरली, मग वॉकर, मग आई. तीन महिन्यांत आई आणखी लहान झाली होती. मुळातच ती पावणेपाच फुटाच्या आत होती. आता वॉकरच्या चौकटीत शाळेतल्या पोरीसारखी दिसत होती.

मी तिला आधी बाथरूमकडं नेलं. मला राहवतच नव्हतं. आकाशी भिंती, त्यात हिरवे पट्टे, मध्ये गुलाबी कमोड, दोन्हीकडं धरायला लोखंडी दांडे. नव्वद हजारांत आणि गटारीच्या खर्चासह एवढं कुणी करून दाखवावं.

"अगंबाई," आई म्हणाली. "जत्रेतल्यासारखं दिसायलंय की रे."

"दिसू दे. धरून बस, धरून ऊठ. आता परसात जायचं कामच नाही. त्या शेवाळावरनं पुन्हा पडायची भीती नाही."

"परसात कोण पडलं?" आईनं विचारलं.

मला वाटलं, भूल दिल्यावर म्हाताऱ्या माणसांचं कधीकधी असं होतं. मी समजावणीच्या आवाजात म्हणालो, "तू पडलीस, आई. फेब्रुवारीत."

"मी कशाला परसात पडू? मी सैपाकघरात पडले. पाटावरनं."

कडी बसवणारा हातोडा थांबला. ताई माझ्याकडं बघायला लागली, मी आप्पांकडं. आप्पा भिंतीवरच्या हिरव्या टाइलचा कोपरा नखानं खरवडत होते.

"पण तू कधी बोलली नाहीस!" ताई म्हणाली. "तीन महिने माझ्याकडं होतीस!"

"मला कुणी विचारलं?" आई म्हणाली. "शुद्धीवर आले तवापासनं जो येतोय तो मलाच सांगतोय, मी कुठं पडले ते. डॉक्टर सांगतोय, पाहुणे सांगतायत, तू सांगतीस. म्हटलं, एवढी माणसं म्हणतायत तर असू दे."

मला ताबडतोब तो पाट आठवला. सागवानी, बुटक्या पायांचा, जाड. तो नेहमी ओट्याच्या पायथ्याशी असायचा आणि त्यावर उभी राहून आई स्वयंपाक करायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया पाटावर उभ्या राहतात. तो पाट आता घरात नव्हता. कधीपासून नव्हता, हे मला किंवा शैलजाला सांगता आलं नसतं.

"बहात्तर साली ओटा घातला तो सासूबाईंच्या मापानं," आई सांगत होती, ते मिस्त्रीला, कारण तोच नीट ऐकत होता. "त्या उंच होत्या. घरभरणीनंतर आठ महिन्यांत गेल्या. मग मी ह्यांना म्हटलं, तेवढा खाली घ्या, माझा हात पोचत नाही. तर म्हणाले, मेच्या सुट्टीत बघू."

"कंच्या मेच्या?" मिस्त्रीनं विचारलं.

"तेच मी पण दरवर्षी विचारायची."

मी मनात वजाबाकी केली. सदतीस आली.

आई वॉकर टेकत स्वयंपाकघराकडं निघाली. आम्ही सगळे मागोमाग गेलो. ती ओट्यापुढं थांबली. वॉकर बाजूला सारून दोन्ही तळवे कडप्प्यावर टेकवले. कोपर सरळ बसलं. खांदे खाली आले. ती तशीच उभी राहिली आणि पायाखाली काहीतरी आहे का, हे तिनं एकदा वाकून बघितलं.

"माप कुणी काढलं?"

"मी," आप्पा म्हणाले.

"मी तर इथं नव्हते."

"तुझ्या पातळावरनं काढलं. दांडीवर वाळत घालून, निऱ्यांच्या घडीपासून काठापर्यंत."

आईनं कडप्प्यावरनं हात फिरवला. मला वाटलं, आता ती रडणार. ताई रडायला लागलीच होती.

"शैलजा, इकडं ये," आई म्हणाली. "उभी राहा इथं. हात टेक. मिस्त्री, हिचं माप घ्या."

मिस्त्रीनं टेप लावला. "साडेतेहतीस, बाई." मग तो घुटमळला. "म्हंजे... हुता तेवढाच की."

"तेवढा करा."

"नाही," आप्पा म्हणाले.

"अहो, मला उभं राहता येत नाही. पोरगी सैपाक करणार. तिची कंबर मोडायची का? एकीची मोडली तेवढी पुरे."

"ओटा फोडायचा नाही."

"मग ह्याच्यावर सैपाक कोण करणार?"

आप्पा पाच फूट नऊ इंच. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी तापवलं नव्हतं. ते ओट्याकडं बघत होते.

"मी," ते म्हणाले.

शैलजा व्यवहारी बाई होती.

"चालेल," ती म्हणाली. कुणाचा विचार बदलायच्या आत बाहेर जाऊन तिनं आपला स्टोव्ह पडवीतल्या टेबलावर कायमचा मांडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भांड्यांच्या आवाजानं मी उठलो. स्वयंपाकघरात आई खुर्चीवर बसली होती, वॉकर शेजारी. आप्पा ओट्यापुढं होते. अठ्ठावीस इंचांपर्यंत पोचायचं म्हणून त्यांना कमरेत पार वाकावं लागलं होतं, पाठीचा कणा बनियनमधनं दिसत होता. तीन काड्या वाया गेल्या होत्या. चौथीला गॅस पेटला.

"दूध आधी का पाणी?"

"पाणी."

"साखर कुठाय?"

"खालच्या फळीवर. तुमच्या गुडघ्यापाशी."

आप्पा आणखी वाकले. डबा सापडला, तो मिठाचा निघाला, पुन्हा वाकले. चहा उतू जाऊन कडप्प्यावर आला, तो पुसायला फडकं मिळेना, त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. शेवटी कप आईच्या हातात दिला तेव्हा सरळ व्हायला त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला.

आईनं एक घोट घेतला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"कंबर दुखायली का?" तिनं विचारलं.

"छे," आप्पा म्हणाले.

"पहिल्या दिवशी नाही दुखत," आई म्हणाली.